पाठ फिरवून टाकलेला पासवर्ड

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गल्लीत गटाराचं काम निघालं आणि जेसीबीच्या दातात इंटरनेटची केबल आली. राउटरवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला तेव्हा माझं काम अर्ध्यावर होतं. मी घरून मुद्रितं तपासते. त्या दिवशीचा गठ्ठा संध्याकाळच्या आत पाठवायचा होता आणि आमच्या पहिल्या मजल्यावर मोबाइलला रेंज अशी धड कधीच नसते. शेजारच्या वहिनींची जोडणी दुसऱ्या कंपनीची आहे, म्हणून लॅपटॉप काखेत मारून मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी नेहमीसारखं आत बोलावलं, सोफ्यावरच्या वाळलेल्या कपड्यांचा ढीग बाजूला केला, चहाचं आधण टाकलं. ‘वायफायचा पासवर्ड सांगता का जरा?’ मी विचारलं. वहिनी क्षणभर थांबल्या. मग त्यांनी माझ्या मांडीवरचा लॅपटॉप उचलला, माझ्याकडे पाठ केली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून एकेक अक्षर शोधत पासवर्ड टाकला. शेवटचं बटण दाबल्यावरच वळल्या. ‘हं, लागलं बघा.’ आवाजात काही खोट नव्हती. चहाबरोबर शंकरपाळीही आली.

मुद्रितं वेळेत गेली. डोक्यातून गेली नाही ती वहिनींची पाठ. आमच्या घराची एक चावी कित्येक वर्षं त्यांच्या फ्रिजवरच्या वाडग्यात पडून असते. आम्ही गावाला गेलो की त्या येऊन झाडांना पाणी घालतात, दुधाच्या पिशव्या उचलतात. माझ्या कपाटात सोनं कुठल्या खणात असतं तेही त्यांना बहुधा माहीत असावं. अशा बाईला आठ-दहा अक्षरं माझ्यापासून झाकावीशी वाटली.

मला राग आला नाही. वाईट मात्र वाटलं, आणि त्याहून जास्त कुतूहल वाटलं की हे शिकवलं कुणी.

नेरुळमध्ये राहणाऱ्याला त्याचं उत्तर फार लांब शोधावं लागत नाही. २६ जुलै २००८च्या संध्याकाळी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, ५६ जीव गेले. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. तो कुठून आला याचा माग काढत पोलीस पोचले ते आमच्यापासून दोन स्टेशनं पलीकडे, सानपाड्याला. तिथे राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थांचं वायफाय कुलूप न लावता चालू होतं आणि कुणीतरी त्याचा वापर करून ईमेल धाडला होता. त्या गृहस्थांचा कटाशी संबंध नव्हता हे चौकशीत स्पष्ट झालं, पण तोवर त्यांचं नाव जगभर झालं होतं. पुढच्या महिन्यात तसाच ईमेल माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या जाळ्यातून गेला, सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरमधून. २००९च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी जाहीर केलं की उघडी वायफाय शोधत आम्ही शहरभर फिरणार. फेब्रुवारीत दूरसंचार खात्याने इंटरनेट कंपन्यांना फर्मावलं की वापरणारा कोण हे कळल्याशिवाय कुणालाही वायफायवर येऊ देऊ नका.

ते दिवस मला नीट आठवतात. आमच्या इमारतीतला केबलवाल्याचा मुलगा दारोदार फिरला आणि ज्यांच्या घरी राउटर होता त्या प्रत्येकाला पासवर्ड लावून देऊन गेला. बहुतेकांना त्याने त्यांचाच मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून दिला, म्हणजे विसरायला नको. लोक घाबरलेले होते आणि घाबरायला कारण होतं. रात्री जिन्यात पावलं वाजली तरी कान टवकारले जायचे. मी ते भय खोटं मानत नाही. पण २००८च्याच जानेवारीत, म्हणजे हे सगळं घडायच्या सहा महिने आधी, ब्रूस श्नायर या अमेरिकन सुरक्षातज्ज्ञाने जाहीर लिहिलं होतं की माझ्या घरचं वायफाय मी मुद्दाम उघडं ठेवतो. आल्यागेल्याला ऊब, उजेड आणि चहा द्यावा तसंच हे. ज्याचं आयुष्य कुलपांचा अभ्यास करण्यात गेलं त्याने असं म्हणावं याचं मला फार अप्रूप वाटतं. त्याचं म्हणणं साधं होतं: आपला संगणक नीट सुरक्षित ठेवा, मग दारावरून जाणाऱ्याने चार घोट इंटरनेट घेतलं तर तुमचं काय जातं?

आमच्याकडे काय जाऊ शकतं ते सानपाड्याने दाखवलं. जोडणी ज्याच्या नावावर, पोलीस त्याच्या दारात.

माझं लहानपण साताऱ्यातल्या एका वाड्यात गेलं. वाड्यात फोन एकच, मालकांच्या ओसरीवर, कोपऱ्यातल्या तिकाटण्यावर. त्यावर क्रोशाचं झाकण असायचं आणि डायलच्या एका भोकात छोटंसं पितळी कुलूप अडकवलेलं असायचं. नंबर फिरवायला गेलं की बोट त्या कुलपाला अडायचं. आलेला फोन मात्र सगळ्या वाड्याचा. आमच्या घरच्या प्रत्येक अर्जावर, लग्नपत्रिकेवर, बाबांच्या नोकरीच्या कागदांवर तोच नंबर आणि पुढे पी.पी., म्हणजे फोन दुसऱ्याचा, अशी अक्षरं. मुंबईहून आत्याचा ट्रंककॉल आला की मालकांचा मुलगा चौकातून हाळी द्यायचा आणि आई हाताला कणीक तशीच घेऊन धावायची. आजोबा गेल्याची बातमी त्याच फोनवर आली. मालकीणबाईंनी आईला तिथेच खाली बसवलं, पाणी दिलं आणि फोन स्वतः कानाला लावून उरलेलं सगळं ऐकून घेतलं, गाडी किती वाजता, कोण कोण येतंय. कुलूप होतं ते पैशाच्या हिशेबाचं, आणि तो हिशेब सगळ्यांना मान्य होता. बाहेर फोन लावायचा तर मालकांकडून किल्ली मागायची, बोलून झालं की डब्यात नाणी टाकायची. कुणाला किती द्यायचं आणि कुठे थांबायचं हे त्या वाड्याने बसवून घेतलं होतं. पुढे नाक्यानाक्यावर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले आणि ती किल्लीही लागेनाशी झाली.

आज आमच्या जिन्यात उभं राहून मोबाइलवर वायफायची यादी उघडली तर पंधरा-वीस नावं दिसतात. कुणी आडनाव ठेवलंय, कुणी देवाचं नाव, कुणी फ्लॅटचा नंबर. प्रत्येक नावापुढे कुलपाचं चित्र. माणशी एक नळ असावा तसं घरटी शंभर-शंभर एमबीपीएस आत आलंय आणि दिवसाचा बराच वेळ ते नुसतं पडून असतं. सगळे कामावर गेले की दुपारभर राउटरचे हिरवे दिवे बंद घरांत लुकलुकत राहतात. आणि तळमजल्यावर, मीटरच्या खोलीलगत, आमच्या वॉचमनचं कुटुंब राहतं. काँक्रीटच्या त्या पोटात मोबाइलची एक दांडी आली तर आली. डेटा स्वस्त झाला आहे, मग वायफाय हवं कुणाला, असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या खोलीत बसावं. घरात फोन एक, त्यात दिवसाला दीड जीबी. २०२४च्या जुलैत रिचार्ज महागल्यापासून तोही जपून. संध्याकाळी मुलगा अभ्यासाला बसतो तोवर बापाने दुपारी पाहिलेल्या कुस्त्यांनी दीड जीबीचा फडशा पाडलेला असतो.

२०२०च्या जूनमध्ये शाळा फोनवर भरायला लागल्या तेव्हा माझ्याकडे काम करणाऱ्या ताईंची मुलगी नववीत होती. त्यांच्या वस्तीत सगळे एकदम घरी, त्यामुळे नेट रांगायचं. ताई कामाला येऊ लागल्या तशी मुलगी त्यांच्याबरोबर यायची आणि आमच्या दाराबाहेर, जिन्याच्या वरून तिसऱ्या पायरीवर बसायची. आत यायला तिलाच संकोच वाटायचा, त्यात करोनाचे दिवस. चपलांच्या स्टँडला फोन टेकवून ती वही मांडीवर घ्यायची. दाराआडून राउटर पोचायचा. अकरा वाजले की जिनाभर आवाज घुमायचा, ‘मुलांनो, आवाज येतोय का?’ आणि ही एकटी जिन्यात मान हलवायची. मास्कच्या वर नुसते डोळे. भूमितीच्या तासाला तिच्याकडे कंपास नव्हता, तर तिने बांगडीने वर्तुळ काढलेलं मी पाहिलं आहे. त्याच सुमारास सिंधुदुर्गातल्या एका मुलीने रेंज मिळते म्हणून डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास चालवल्याची बातमी आली होती. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, मीही. पण आपल्या इमारतीत डोंगर चढायला न लावता ते देता येत होतं. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र दोन दिवसांत सूचना आली: वॉचमन, कामवाल्या बायका, डिलिव्हरीवाले यांना कुणीही आपला पासवर्ड देऊ नये, काही गैर घडल्यास सभासद जबाबदार. मी तिला पायरीवरून उठवलं नाही. ती सूचना आजही ग्रुपच्या वर टाचून ठेवलेली आहे.

माझा मावसभाऊ त्या काळाच्या बऱ्याच आधी इंग्लंडात, रेडिंगला होता. तिथल्या थंडीबद्दल तो जितकं बोलायचा तितकंच एका गोष्टीबद्दल: बसथांब्यावर उभं राहिलं की फोन आपोआप कुणाच्या तरी घरच्या वायफायला लागतो. समोरच्या विटांच्या घरांपैकी कुठलं ते कळायचंही नाही. मूळ कल्पना माद्रिदची. मार्तिन वार्साव्स्की या उद्योजकाने २००५ साली फॉन नावाची कंपनी काढली. तिचा राउटर घरात बसवला की तो दोन वेगवेगळी जाळी उभी करायचा, एक घरच्यांचं, एक बाहेरच्यांचं. तुम्ही तुमचं बाहेरचं दार उघडं ठेवा, जगात जिथे जिथे फॉनचा सभासद असेल तिथे त्याचं दार तुम्हाला उघडं. २००७ साली ब्रिटिश टेलिकॉम यात उतरली आणि तिच्या ग्राहकांच्या घरांतून असे लाखो हॉटस्पॉट उभे राहिले. भाऊ सांगायचा तेव्हा मला ते फार मोहक वाटायचं: एवढी माणसं, एकमेकांची तोंडओळखही नाही, आणि सगळी एकमेकांच्या उपयोगी पडतायत.

पुढे अमेरिकेत कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीने २०१३पासून ग्राहकांच्या घरातल्या राउटरांवर सार्वजनिक हॉटस्पॉट चालू करायला घेतले तेव्हा मोहकपणा जरा उतरला. ते आपसूक चालू व्हायचे. नको असेल तर ग्राहकाने बंद करायचे. आमची वीज, आमचं घर, आम्हाला न विचारता, म्हणून २०१४ साली कॅलिफोर्नियात एका कुटुंबाने खटला भरला. मला त्या कुटुंबाचं पटतं. देणाऱ्याला आपण दिलंय हेच ठाऊक नसेल तर त्यात त्याचं काय? साताऱ्याच्या मालकीणबाईंनी फोनची किल्ली उठून, हसून दिली होती. ती कुणी त्यांच्या कमरेची काढून घेतली असती तर वाडा चालला नसता.

म्हणून मला या सगळ्यात बर्लिनची माणसं जास्त जवळची वाटतात. तिथे दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला फ्रायफुंक नावाची चळवळ सुरू झाली. यात कंपनी नव्हती. हौशी लोकांनी आपापल्या छपरांवर, खिडक्यांत, चर्चच्या मनोऱ्यांवर राउटर चढवले आणि एकमेकांना जोडत नेले. ज्याच्याकडे जास्त त्याने थोडं सोडायचं. त्यांच्याही आड कायदा आला. २०१० साली जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला की घरचं वायफाय कुलूपबंद न ठेवणाऱ्यावर, दुसऱ्याने त्यावरून केलेल्या उचापतीची जबाबदारी येऊ शकते. त्या खटल्यातला घरमालक तर घटनेच्या वेळी सुट्टीवर गेलेला होता. फ्रायफुंकवाल्यांनी दारं लावली नाहीत. त्यांनी पाहुण्यांची सगळी वाहतूक आधी स्वीडनला नेऊन तिथून इंटरनेटवर सोडायला सुरुवात केली, म्हणजे कुणाचं बोट घरमालकाकडे वळायलाच नको. २०१५ साली सीरियातून लोंढे आले तेव्हा गावोगावच्या निर्वासित छावण्यांत याच लोकांनी वायफाय पोचवलं. दमलेली माणसं आधी फोन लावत होती ते मागे राहिलेल्या आईला. दोन वर्षांनी, २०१७ साली, सरकारने कायदा बदलला आणि वायफाय देणाऱ्याच्या मानेवरचं ते ओझं बरंचसं काढलं. निकालाचं भय कमी व्हायला सात वर्षं लागली, पण त्या सात वर्षांत ही माणसं छपरांवर चढायची थांबली नाहीत.

वहिनींच्या त्या पाठमोऱ्या क्षणानंतर एका रविवारी मी माझ्या राउटरच्या आतल्या पानावर गेले. कधी गेला नसाल तर जाऊन बघा. आजकालच्या बहुतेक राउटरांत पाहुण्यांसाठी वेगळं जाळं चालू करायची सोय असते. त्याला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. त्यावर आलेल्याला तुमचा लॅपटॉप, तुमचा प्रिंटर, तुमचे फोटो यातलं काही दिसत नाही; तो थेट बाहेर जातो. काही राउटरांत वेगाची मर्यादा घालता येते, रात्री आपोआप बंद करता येतं. ही सोय आमच्या घरात कधीपासून पडून होती आणि बसवायला आलेल्या मुलाने तिचा उल्लेखही केला नव्हता. मी ते जाळं चालू केलं आणि वॉचमनच्या मुलाला दिलं. तो जिन्याच्या पहिल्या वळणावर बसतो, तिथवर पोचतं. त्याची आई मधूनच वर येऊन विचारते, ‘ताई, तुमचं कमी तर होत नाही ना?’ होत नाही. पण यात एक टोचणी राहतेच. ओळखीच्या मुलाला देणं वेगळं, रस्त्यावरच्या कुणालाही देणं वेगळं. उद्या अनोळखी माणसाने त्यावरून काही केलं तर दार माझंच वाजणार. माणूस कोण हे ठरवायची ताकद माझ्या राउटरात नाही.

ती ताकद ज्या योजनेत आहे ती आपल्याकडे आहे, आणि तिच्याविषयी इतकं कमी बोललं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी ही सार्वजनिक वायफायची योजना मंजूर केली. एसटीडी बूथच्या धर्तीवर कुणीही छोटं ‘पब्लिक डेटा ऑफिस’ उघडावं: चहाची टपरी, किराणा, झेरॉक्सचं दुकान. परवाना नाही, नोंदणी नाही, शुल्क नाही. माणसाची ओळख पटवण्याचं आणि हिशेबाचं काम वेगळ्या संस्था करतात. वापरणारा ॲपवर एकदा ओळख देतो आणि मग अशा कुठल्याही हॉटस्पॉटवर जाऊ शकतो. म्हणजे २००८चा जो रास्त प्रश्न होता, वापरणारा कोण, त्याचं उत्तर वायफाय देणाऱ्याच्या गळ्यात न टाकता दिलेलं आहे. पण २०१८च्या दूरसंचार धोरणात २०२२पर्यंत एक कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटचं स्वप्न होतं, त्याच्या जवळपासही आपण गेलो नाही. एक कारण अगदी हिशेबी. दुकानदार जोडणी मागायला गेला की कंपन्या त्याला घरगुती दराची साधी जोडणी न देता व्यावसायिकांची लीज्ड लाइन घ्या म्हणायच्या, आणि ती कित्येक पटींनी महाग. दिवसाला शंभर कप चहा विकणारा ती कुठून घेणार? शेवटी जून २०२५मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने आदेश काढला की २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर योजना या दुकानांना दुपटीपेक्षा जास्त दराने देता येणार नाहीत. साडेचार वर्षं गेली एवढ्याला. तेवढ्यात जिन्यात बसलेली मुलगी नववीतून कॉलेजात गेली.

मी आता सोसायटीला पत्र दिलं आहे. सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे विषय घ्यावा म्हणून. सोसायटीच्या ऑफिसात एक फायबर जोडणी घ्यावी, ती पीएम-वाणीला जोडून तळमजल्यावर आणि फाटकाशी राउटर बसवावेत, आणि वॉचमन, सफाईवाले, पार्सल घेऊन येणारी मुलं, फाटकाबाहेर थांबणारे रिक्षावाले यांना ओळख देऊन वापरू द्यावं. ग्रुपवर टाचलेली ती सूचना काढावी, हेही लिहिलं आहे. सचिवांनी पत्र दोनदा वाचलं. ‘जबाबदारीचं काय?’ त्यांनी विचारलं. मी त्यांना ओळख पटवणं कोण करतं, नोंद कुठे राहते, ते कागदावर काढून दाखवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, एक-दोन ठिकाणी अडवून विचारलं, कागदही ठेवून घेतला. मग पैशावर आले. मी आधीच घरगुती दराचा आकडा दुपटीने धरून ठेवला होता. महिना सातशेची योजना दुपटीने चौदाशे, वर अठरा टक्के जीएसटी धरून साधारण साडेसोळाशे. आमचे फ्लॅट ६४. घरटी महिन्याला सव्वीस रुपये पडतात.

‘सव्वीस?’ सचिव म्हणाले. त्यांनी पत्रावर तारीख टाकली, पोच दिली आणि विषय क्रमांक सातवर घेतला.